होयबांनी चढवलेला सूर

शहरात पियानो सुरात लावणारे दोघेच होते. त्यातला एक तोंडाने फटकळ होता, म्हणून सगळे दुसऱ्याला बोलवायचे. हा दुसरा म्हणजे होयबा. त्यांचं कागदोपत्री नाव त्यांच्या बायकोला ठाऊक होतं, बाकीच्यांना त्याची गरज कधी पडली नाही. वय त्रेसष्ट, अंगाने किरकोळ, मान कायम थोडी पुढे झुकलेली. पियानोच्या खुंट्यांवर वाकून वाकून ती तशी झाली असं ते सांगत. बायकोचं म्हणणं वेगळं होतं. हो-हो करत खाली गेलेली मान वर घ्यायला यांना सवडच मिळाली नाही, असं ती म्हणायची.

'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडून निघत नसे. या धंद्यात ते आले तेही तसेच. विशीत असताना एका पियानो दुरुस्तीच्या कारखान्यात ते नुसता पत्ता विचारायला शिरले होते. मालक नव्या कामगाराची वाट बघत बसला होता. कामाला आलास ना, असं त्याने विचारलं. समोरच्याचा विरस कशाला करा, म्हणून हे हो म्हणाले आणि संध्याकाळपर्यंत पियानोच्या हातोड्यांची लोकर कातरत बसले. ज्या पत्त्यावर जायचं होतं तिथे ते अजून पोचलेले नाहीत. सहा वर्षांनी त्याच मालकाने आपली मुलगी पुढे करून पसंत आहे का विचारलं. पुन्हा हो. लग्न चांगलं निघालं, पण त्यात होयबांची अक्कल काडीची नव्हती. बापाने माझ्याऐवजी मावशीला उभं केलं असतं तरी यांनी हो म्हटलं असतं, असं बायको पाहुण्यांसमोर सांगते. त्यावरही हे मान डोलावतात.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत दोन खिडक्या आहेत. एकीला निळा पडदा, दुसरीला पिवळा. बायकोने निळा सुचवला तेव्हा हे हो म्हणाले, सुनेने पिवळा सुचवला तेव्हाही हो म्हणाले, आणि दोघींनी आपापलं कापड आणलं. सासू-सुना आठ दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत. होयबा मात्र दोघींशी बोलत होते. आपण दोघींच्याही बाजूने आहोत, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. भीड भिकेची बहीण म्हणतात. या घरात ती बहीण कायमची माहेरी येऊन राहिली होती.

पण हातात किल्ली आली की माणूस बदलायचा. पियानोच्या पोटात दोनशेच्या वर तारा असतात, बहुतेक सुरांना तीन-तीन. प्रत्येक तारेची खुंटी किल्लीने कणभर फिरवायची, ऐकायचं, पुन्हा फिरवायची. तिन्ही तारा एका तोंडाने बोलू लागल्या की पुढच्या सुराकडे वळायचं. तारेला भीड नसते. ती जमली तर जमली, नाही तर तोंडावर सांगते. तिथे होयबांनी कधी कुणाचं ऐकलं नव्हतं. एकदाच ऐकलं, त्याची ही गोष्ट.

पियानो शिकवणाऱ्या एक बाई होत्या, वय बहात्तर. पन्नास वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या पोरांना शिकवलं, पण स्वतःचं एक रेकॉर्डिंग केलं नाही. आज करू, उद्या करू यात जन्म गेला. आता उजव्या मनगटाचं दुखणं इतकं वाढलं होतं की पुढच्या आठवड्यात ऑपरेशन ठरलं होतं. त्यानंतर हात किती चालेल, हे डॉक्टरलाही सांगता येत नव्हतं. म्हणजे आत्ता झालं तर झालं. एका जुन्या संगीतशाळेचा हॉल त्यांनी तीन दिवसांसाठी घेतला. दोन सोनाटे, म्हणजे तीन-तीन भागांच्या रचना, घ्यायचे होते, दोन्ही अडीचशे वर्षांपूर्वीचे, पियानो आणि व्हायोलिनचे.

बाईंचा पियानो होयबा एकतीस वर्षं लावत आले होते. काम झालं की बाई एक पान वाजवायच्या आणि विचारायच्या, "कसं झालं?" होयबा म्हणायचे, "छान." एकदा बाईंच्या बोटाला पट्टी होती आणि निम्मे सूर नुसते हवेत गेले, तेव्हाही छानच झालं होतं. पुढे पुढे बाई उत्तर येण्याआधीच चहा टाकायला उठू लागल्या.

व्हायोलिन वाजवणारा होता बाईंचा जावई. मोठ्या वाद्यवृंदात होता, हात तयार होता, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला दौऱ्यावर निघायचं होतं. सासू आणि जावई यांच्यात तेढ होती ती पैशाअडक्याची नव्हे, मुखपृष्ठाची. त्या काळच्या सोनाट्यांच्या छापील वहीवर लिहिलेलं असे: पियानोसाठी सोनाटा, सोबतीला व्हायोलिन. हा 'सोबतीला' शब्द बाईंनी जावयाला पहिल्यांदा दाखवला, तो मुलीला मागणी घालायला आला त्या दिवशी. तेव्हापासून ती वही बाहेर निघाली की त्याच्या कपाळावर आठी चढे. मुलगी शहाणी होती. या तीन दिवसांत तिने बाहेरगावचं काम काढलं.

चौथी होती रेकॉर्डिस्ट. ती बाजूच्या खोलीत हेडफोन लावून बसायची, आणि हॉलच्या भिंतीवरच्या स्पीकरमधून तिचा एकच शब्द यायचा, "परत." राखणदाराने पहिल्या तासाभरातच तिचं नाव परतबाई ठेवलं. राखणदार म्हणजे हॉलची देखभाल करणारा गृहस्थ. अकराही खिडक्यांना त्याने घोंगड्या टांगल्या होत्या, आणि बूट काढून तो नुसत्या मोज्यांवर वावरत होता.

बाईंचं मनगट तीन-चार मिनिटांवर टिकत नव्हतं. म्हणून सोनाटा सलग न वाजवता तुकड्या-तुकड्यांनी घ्यायचा आणि परतबाईने मागाहून तुकडे जोडायचे, असं ठरलं होतं. यात गैर काही नाही, सगळे तेच करतात. अट एकच, पियानोचा सूर सगळ्या तुकड्यांत अगदी तोच हवा. होयबांना हे स्वतःच्या पत्त्यासारखं पाठ होतं.

पहिला दिवस निर्विघ्न गेला. पहिला सोनाटा पुरा झाला. संध्याकाळी होयबा हात धूत होते, तेव्हा जावई शेजारच्या नळाशी आला. त्याने आधी त्यांच्या कानाची तारीफ केली. मग म्हणाला की उद्या दुसरा सोनाटा घ्यायचाय, त्यासाठी पियानो एक केसभर वर चढवता आला तर व्हायोलिन जरा उजळ बोलेल. आईंना कळणारही नाही. होयबांच्या डोक्यात 'नाही' आलं, घशापर्यंतही आलं, आणि बाहेर पडताना हो झालं. पहिला सोनाटा तर संपलाय, दुसरा अख्खा वरच्या सुरात झाला तर बिघडलं कुठे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच येऊन त्यांनी सगळा पियानो केसभर चढवला.

दुपारपर्यंत दुसऱ्या सोनाट्याचे निम्मे तुकडे झाले. जावई खूश होता. जेवणाच्या सुट्टीत तो बाहेर पडला, आणि बाईंनी होयबांना खुणेने जवळ बोलावलं. आज पियानो किंचाळतोय, त्या हळूच म्हणाल्या. हवेमुळे चढला असेल. जरा खाली आणा, आणि जावयाला बोलू नका, तो म्हणेल म्हातारीचे कान गेले.

इथे तरी माणसाने तोंड उघडावं. पण नाही म्हणायचं तर कालचं हो कबूल करावं लागत होतं. इकडे आड, तिकडे विहीर. होयबा हो म्हणाले. डबा न उघडता त्यांनी तासाभरात पियानो खाली आणला, आणि बाईंना पुन्हा चढा वाटू नये या भीतीने पहिल्या दिवसापेक्षाही अंमळ खालीच ठेवला. दुपारी जावई व्हायोलिनची खुंटी पिळत म्हणाला की आपल्या तारा आज कशा काय चढल्या. होयबा खिडकीवरची घोंगडी न्याहाळत राहिले.

एवढ्यावर भागलं असतं तरी पुष्कळ होतं. संध्याकाळी परतबाई सामान आवरता आवरता म्हणाली की वरचे सूर जरा बोचतात, काही करता येईल का. तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांना लोकर असते, ती सुईने टोचली की आवाज मऊ होतो. होयबांनी सुया काढल्या.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. सांगताना त्यांना वाटत होतं की आपण तिघांनाही खूश केलं, हे ती मान्य करेल. कारखानदाराची मुलगी ती. तिने ताट पुढे सारलं.

"दोघांना हो म्हणालात," ती म्हणाली, "म्हणजे दोघांशीही खोटं बोललात. आणि तिचा हात पुढच्या आठवड्यात कापणार आहेत."

होयबांना त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी उठून सगळं सांगायचं असं त्यांनी ठरवलं. सकाळी, आधी काय होतं ते बघू, असं ठरवलं.

काय होतं ते नऊ वाजताच दिसलं. परतबाईने सगळ्यांना बाजूच्या खोलीत बोलावलं आणि न बोलता एक जोड ऐकवला. पहिला तुकडा काल सकाळचा, पुढचा दुपारचा. संगीत मजेत चाललं होतं आणि मध्येच पियानोचा पाय पायरीवरून घसरला. तिने पुन्हा ऐकवला. पुन्हा घसरला. अख्ख्या सोनाट्यात असे चौदा जोड होते, ती म्हणाली, आणि मशीनने सूर ओढून बसवला तर पियानो पत्र्याच्या डब्यात ठेवल्यासारखा वाजतो.

"हवा," बाई लगेच म्हणाल्या.

जावईही म्हणाला की हवाच, काल दमट होती. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. सासू-जावयाचं एकमत आज पहिल्यांदा झालं.

हवा बंद हॉलमध्ये अशी बदलत नाही, परतबाई म्हणाली. कुणीतरी खिडकी उघडी टाकली असणार. तिने राखणदाराला हाक मारली. तो मोज्यांवर आला. शाळेला हे कळवावं लागेल, असं तिने त्याला सांगितलं. तो म्हणाला की खिडकी बंद होती. ती म्हणाली की मग पियानो आपोआप उतरला का? "खिडकी बंद होती," तो पुन्हा म्हणाला, आणि त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. बाईंनी नजर खाली केली, जावयाने छताकडे. अळीमिळी गुपचिळी.

राखणदाराची नजर शेवटी होयबांवर आली. हवेचं निमित्त त्यांना आयतं मिळालं होतं. एकतीस वर्षांचं नाव तेवढ्यावर निभावलं असतं. पण समोर तो माणूस मोज्यांवर उभा होता, आणि एका मोज्याला भोक होतं.

"खिडकी बंद होती," होयबा म्हणाले. "पियानो मी हलवला."

मग त्यांनी सगळं सांगितलं, वेळेसकट. सकाळी सातला जावईबापूंच्या सांगण्यावरून वर. दुपारी एकला बाईंच्या सांगण्यावरून खाली. संध्याकाळी सुया. सुयांपाशी आल्यावर परतबाई चष्मा काढून पुसू लागली.

पुढची दहा मिनिटं लिहिण्यासारखी नाहीत. बाई एरवी जावयाला नावाने हाक मारत, आता जावईबापू म्हणू लागल्या, त्यावरून काय ते समजावं. नाकापेक्षा मोती जड झालाय, असं त्या म्हणाल्या. जावई म्हणाला, मोत्याने निदान समोरून तरी विचारलं असतं, पण या घरात समोरून बोलायची सोय आहे कुठे? मग दोघांच्याही लक्षात आलं की चोरून सांगितलं ते दोघांनीही. तेव्हा दोघं मिळून होयबांवर उलटली. आम्ही काहीही सांगू, तुम्ही हो का म्हणालात?

होयबांनी किल्ली उचलली. ते हॉलमध्ये गेले आणि पियानोचं झाकण उघडून एकेक तार तपासू लागले. एका दिवसात वर-खाली ओढलेल्या तारा ठिकाणावर नव्हत्या. किल्लीने जागेवर आणल्या तरी हळूहळू सरकत होत्या. मागोमाग बाकीचे आले.

"वीस मिनिटं धरतील," होयबा म्हणाले. "मग सरकतील. पुन्हा लावाव्या लागतील, आणि नेमक्या त्याच सुरावर येतील याची खात्री नाही."

दुसरा सोनाटा अठरा मिनिटांचा होता. ते गणित सगळ्यांनाच कळलं, पण बाईंना ते मनगटात कळलं. पाच वर्षांत त्यांनी तो सलग वाजवला नव्हता. त्यांचा चेहरा उतरला. आपण तुकड्यांनीच घेऊ, त्या म्हणाल्या, थोडं इकडेतिकडे झालं तर कुणाला कळतंय? "चालेल ना?" जावयालाही संध्याकाळी निघायचं होतं. "चालेल ना, काका?" परतबाईनेही काही हरकत घेतली नाही. तिघंही होयबांच्या हो-ची वाट बघत उभी राहिली. तो येणारच होता. आजवर आला नाही असं झालं नव्हतं.

"नाही," होयबा म्हणाले.

हा शब्द वर्षानुवर्षं न उघडलेल्या कपाटासारखा करकरत बाहेर आला, आणि त्याने सगळ्यात जास्त दचकले ते स्वतः होयबा. पण एकदा निघाल्यावर मागचे शब्द सोपे गेले. चालणार नाही. तुकडे जुळणार नाहीत. वाजवायचं तर सलग वाजवायचं, नाही तर तुमच्या हातचा एकच सोनाटा राहील. आणि आता दीड तास माझ्याशी कुणी बोलू नका.

राखणदाराने स्वतःहून दाराशी खुर्ची टाकली आणि दार अडवून बसला.

साडेअकराला ते वाजवायला बसले. बाईंनी सुरुवात केली, जावई मागून आला. होयबा भिंतीशी घडीच्या खुर्चीवर बसले होते, आणि दर मिनिटाला त्यांना वाटत होतं की आता 'परत' येईल. आलं नाही. अठरा मिनिटांनी शेवटचा सूर विरला. स्पीकरमधून आवाज आला की माझ्या बाजूने चालेल. छान झालं, आई, जावई म्हणाला, आणि त्याने ते मनापासून म्हटलं, कारण ते संपलं होतं.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही, स्पीकरकडेही नाही. सुजलेलं मनगट मांडीवर धरून त्या भिंतीशी बसलेल्या होयबांकडे वळल्या.

"कसं झालं?" त्यांनी विचारलं.

आणि या वेळी त्या उठल्या नाहीत, उत्तराची वाट बघत बसल्या. छान म्हणून टाकावं, असं होयबांना आयुष्यात इतकं कधी वाटलं नव्हतं. त्या मनगटाकडे बघून कोणीही म्हटलं असतं.

"पहिला भाग चांगला झाला," ते म्हणाले. "शेवटचाही. मधला नाही झाला, बाई. तिथे तुम्ही चुकू नये म्हणून वाजवत होतात. घरी तुम्ही तो असा वाजवत नाही."

जावई मध्ये पडला. काका, त्यांचा हात बघा तरी, असं तो म्हणायला लागला, तेव्हा बाईंनी त्याला हाताने थांबवलं. त्या रागावल्या होत्या, हे उघड दिसत होतं. कुणावर ते मात्र कळत नव्हतं. मग त्यांनी पियानोसमोरची जागा होयबांसाठी मोकळी केली.

"लावा," त्या म्हणाल्या.

होयबांनी सरकलेल्या तारा पुन्हा जागेवर आणल्या. तोवर बाई बर्फाची पिशवी मनगटावर घेऊन बसल्या होत्या, आणि ती पिशवी जावयाने धरली होती. एक वाजता दोघं पुन्हा पहिल्यापासून वाजवायला बसली. मधला भाग आला तसा जावयाने व्हायोलिनचा आवाज कमी केला, कमी करत अगदी पियानोच्या खाली नेला, आणि तिथेच राहिला. कुणी त्याला तसं सांगितलं नव्हतं. बाई सांभाळून वाजवत नव्हत्या. एका वळणावर डाव्या हाताचा एक सूर साफ चुकला. हॉलमधल्या सगळ्यांना, दारातल्या राखणदारालाही, तो ऐकू आला. बाई न अडखळता पुढे गेल्या.

संपल्यावर बाईंनी काही विचारलं नाही. नुसतं भिंतीकडे पाहिलं.

"हो," होयबा म्हणाले.

बाईंनी दोन्ही हात मांडीत घेतले आणि त्या रडू लागल्या. जावयाला काय करावं सुचेना, तो त्यांच्या पाठीशी नुसता उभा राहिला. होयबांनाही भरून आलं होतं, पण ते किल्ली पुसत बसले, तिला पुसण्यासारखं काही नव्हतं तरी.

स्पीकरमधून परतबाईने जपून विचारलं की मधल्या भागात एक सूर चुकलाय, तारा अजून धरून असतील तर तेवढी जागा परत घ्यायची का?

"नको," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "ते हो म्हणालेत."